पायथॉनमधून एपीआय कॉल करताय? या चुका टाळा

एपीआय म्हणजे आपल्या प्रोग्रामने दुसऱ्याच्या सर्व्हरकडून माहिती मागायची किंवा काम करून घ्यायची सोय. ती वापरणारा, घरच्या वायफायवर धडाधड चालणारा कोड लोकलमध्ये, हॉटस्पॉटवर, कुर्ल्याच्या आसपास कुठेतरी गपगार होतो. एरर नाही, काही नाही. शिव्या नेटवर्कला पडतात, पण असे कॉल करणाऱ्या पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मर्यादा, दिला नाही तर ती उत्तराची वाट बघतच बसते. प्रत्येक कॉलला टाइमआउट द्या. जोडणीसाठी ३ सेकंद, उत्तरासाठी १०, असे दोन आकडे वेगळेही देता येतात. मात्र हा हिशोब पूर्ण डाउनलोडचा नसतो, मध्ये किती वेळ काहीच आलं नाही याचा असतो.

‘एक्स्पेक्टिंग व्हॅल्यू, लाइन १ कॉलम १’ दिसलं की लोक जेसनच्या, म्हणजे एपीआयचं उत्तर सहसा ज्या स्वरूपात येतं त्याच्या, मागे लागतात. आधी स्टेटस कोड (सर्व्हरने दिलेला निकालाचा आकडा) आणि उत्तराची सुरुवात प्रिंट करून बघा की! बऱ्याचदा तिथे एचटीएमएलचं एरर पान असतं. ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) आला तरी रिक्वेस्ट्स आपणहून एक्सेप्शन टाकत नाही, त्यासाठी रेझ-फॉर-स्टेटस (raise_for_status) तुम्हालाच लिहावं लागतं.

युआरएल हाताने जोडत बसू नका. ‘दादर’ पाठवलंत तर चार युनिकोड चिन्हांचे १२ बाइट आणि एन्कोड होऊन ३६ अक्षरं होतात, ते लायब्ररी निमूट करते. हाताने जोडलेल्या युआरएलमध्ये घोळ घालतात ते + आणि &. मोबाइल नंबरातल्या +९१ मधला + सर्व्हर बहुधा रिकामी जागा म्हणून वाचतो, मग ‘ग्राहक सापडला नाही’. रिक्वेस्ट्सच्या पॅराम्समध्ये (params) डिक्शनरी द्या, कटकट मिटते.

सगळ्यात महागात पडतो तो रिट्राय, म्हणजे तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवणं. टाइमआउट झाला म्हणजे सर्व्हरने काम केलंच नाही, असं नसतं. काम होऊन उत्तर वाटेत हरवलेलं असू शकतं. गेट (माहिती मागणारी रिक्वेस्ट) पुन्हा मारायला सहसा हरकत नाही, पण पेमेंटचा पोस्ट (काम करायला सांगणारी रिक्वेस्ट) डोळे झाकून पुन्हा मारलात तर गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले जातील आणि सोमवारी सकाळी फोन तुम्हालाच येईल. एपीआयला आयडेम्पोटन्सी-की (ही तीच जुनी रिक्वेस्ट आहे हे सर्व्हरला ओळखू देणारी खूण) चालत असेल तर एका व्यवहाराला एकच की ठेवा, रिट्रायलाही तीच. रिट्रायच्या लूपमध्ये दर वेळी नवी की बनवणारे महाभाग आहेत, त्याचा उपयोग शून्य. ४२९ (फार रिक्वेस्ट्स झाल्या) आला तर उत्तरातला रिट्राय-आफ्टर हेडर बघा आणि सांगितलंय तेवढं थांबा.

ऑफिसच्या प्रॉक्सीमागे (सगळं इंटरनेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर) सर्टिफिकेटचा एरर आला की व्हेरिफाय फॉल्स करून, म्हणजे सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून, मोकळं होऊ नका. आयटीवाल्यांकडून प्रॉक्सीचं रूट सर्टिफिकेट मागून घ्या आणि त्या फाइलचा पाथ व्हेरिफायला द्या.