गोळी चालू असूनही अंगठा पुन्हा पुन्हा सुजतो? वडिलांच्या गाऊटचा (यूरिक ॲसिड साचून होणारी सांध्यांची सूज) अनुभव

वय ७४, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वाढलेलं. रात्री पायाचा अंगठा लालबुंद व्हायचा, चादर लागली तरी कळ. डाळी बंद केल्या, वेदनाशामकं दिली; फरक शून्य, वर मूत्रपिंडावर ताण. जीव मेटाकुटीला आला.

डॉक्टरांनी आधी रक्तदाबाचं हायड्रोक्लोरोथायझाइड काढून लोसार्टन दिलं. पहिलं यूरिक ॲसिड वाढवतं, दुसरं जरा उतरवतं. मग यूरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल ५० मिग्रॅ, सोबत सूज उठू नये म्हणून रोज कोल्चिसिन ०.५ मिग्रॅ (जुलाब लागले तर लगेच कळवायचं). दरमहा रक्त तपासून ॲलोप्युरिनॉल ५० मिग्रॅने वाढवलं, यूरिक ॲसिड ६ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली येईपर्यंत. मध्ये सूज आली तरी ॲलोप्युरिनॉल थांबवायचं नाही, बहुतेकांचं इथेच बिनसतं. अंगावर पुरळ उठलं तर मात्र तत्काळ बंद. आणि ऐन दुखण्यात काढलेला यूरिक ॲसिडचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा.