मालट्रकची चेसी लांबवताना: मोजमाप, काप आणि जोड

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागाकडून हलका पण लांब माल नेणाऱ्या मालकांना वाटते की गाडीला आणखी दोन फूट बॉडी मिळाली, तर फेरी परवडेल. ही अपेक्षा गैर नाही. मात्र चेसी, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा, लांबवण्याच्या कामात जोडाच्या वेल्डिंगची जितकी काळजी केली जाते, तितकी जोडाच्या आसपासच्या पत्र्याची केली जात नाही, आणि चेसी बहुधा तिथेच तडकते.

सुरुवात कागदांपासून करावी लागते. व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधल्या अंतराचा, आकडा नोंदणीपत्रात लिहिलेला असतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. तसे केल्यास कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून उत्पादकाचा लेखी आराखडा आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी मिळेपर्यंत ग्राइंडरला हात लावू नये. त्याच मॉडेलची लांब व्हीलबेसची गाडी कंपनीकडे मिळत असेल, तर माझ्या मते तीच घेणे शहाणपणाचे आहे. केवळ मागचा भाग वाढवायचा असला तरी मोकळीक नाही, कारण मागच्या आसापलीकडे लोंबणारा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांहून जास्त असता कामा नये.

परवानगी मिळाल्यावर पहिला हिशेब वाकण्याचा करावा. दोन आसांमध्ये सारखा पसरलेला तेवढाच माल ठेवून व्हीलबेस ४,२०० मिलिमीटरवरून ४,८०० केला, तर मधल्या भागावरचा वाकवणारा जोर सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. चॅनल, म्हणजे चेसीची दोन्ही बाजूंची लांब पोलादी तुळई, मात्र तोच राहतो, त्यामुळे आतून मजबुतीचा पत्रा देणे भाग पडते. कसारा घाट उतरणाऱ्या गाडीच्या चेसीला तर वाकण्याबरोबर पीळही बसत असतो, हे हिशेब करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

गाडी सपाट, पक्क्या फरशीवर रिकामी उभी करून चेसीखाली घोड्या, म्हणजे आधाराचे लोखंडी स्टँड, लावाव्यात. दोन्ही चॅनलवरचे ठरावीक बिंदू ओळंब्याने फरशीवर उतरवून खडूने खुणा कराव्यात आणि दोन्ही बाजूंचा व्हीलबेस व कर्ण लिहून ठेवावेत. कापल्यानंतर मूळ माप सांगणारे दुसरे काहीच उरत नाही. त्यानंतर बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटची जोडणी सोडावी, आणि कापाजवळील वायरिंग, हवेचे पाइप व डिझेलची टाकी बाजूला काढावी.

काप स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट, क्रॉस मेंबर (दोन चॅनल जोडणारी आडवी तुळई) आणि मोठी छिद्रे यांपासून दूर घ्यावा. तो सरळ असावा की तिरका, याबाबत उत्पादकांचे आराखडे एकसारखे नसतात, म्हणून आपल्या गाडीच्या आराखड्यात जसा दाखवला असेल तसाच घ्यावा. गॅस कटर वापरू नये, कारण त्याच्या उष्णतेने पोलादाचा मूळ गुण बदलतो. मध्ये घालायचा तुकडा त्याच दर्जाच्या, त्याच जाडीच्या आणि त्याच मापाच्या चॅनलचा असावा. भंगारातला ‘जवळपास तसाच’ तुकडा घालणे ही या कामातली सर्वात महाग बचत होय.

कडांना उतार देऊन, मुळाशी थोडी फट ठेवून, भट्टीत सुकवलेल्या लो-हायड्रोजन रॉडने पूर्ण खोलीचे वेल्डिंग करावे. रॉडची ताकद चॅनलच्या पोलादाशी जुळणारी असावी आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ, स्वच्छ केलेल्या पत्र्यावर लावावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून फिरणार नाही. जोड थंड झाल्यावर तो ग्राइंडरने चॅनलच्या लांबीच्या दिशेने सपाट करावा आणि डाय पेनिट्रंटने, म्हणजे बारीक तडे दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने, तडा तपासावा.

मजबुतीचा पत्रा चॅनलमध्ये आतून नीट बसेल असा असावा आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना पुरेसा पुढे जावा. त्याची टोके निमुळती करावीत, आणि डाव्या व उजव्या बाजूचे शेवट एकमेकांसमोर येऊ देऊ नयेत. पत्रा चॅनलच्या उभ्या भागावर उच्च ताकदीच्या बोल्टांनी बसवावा. वरच्या-खालच्या पट्ट्यांना छिद्र पाडणे किंवा पत्र्याच्या टोकाला आडवे वेल्डिंग करणे टाळावे, कारण जाड भाग अचानक संपतो तिथेच ताण एकवटतो.

पुढे प्रॉपेलर शाफ्टकडे, म्हणजे गिअरबॉक्सची गती मागच्या आसाला पोचवणाऱ्या दांड्याकडे, यावे. तो नुसता लांब केला, तर वेगात थरथरतो, म्हणून गरजेप्रमाणे मधला शाफ्ट आणि सेंटर बेअरिंग वाढवून, युनिव्हर्सल जॉइंटचे कोन आराखड्याप्रमाणे राखून, पूर्ण शाफ्टचे बॅलन्सिंग करून घ्यावे. ब्रेकचे पाइप जोड देऊन वाढवू नयेत, अखंड नवे बसवावेत. लांबलेली गाडी वळायला जास्त जागा घेते, तेव्हा द्वारका चौकात येण्यापूर्वी चालकाने मोकळ्या मैदानात तिची ओळख करून घ्यावी.

शेवटी जुन्या नोंदींशी कर्ण आणि दोन्ही बाजूंचा व्हीलबेस पडताळून, उघड्या पत्र्याला गंजरोधक रंग द्यावा. पहिल्या हजार किलोमीटरनंतर बोल्टांचा ताण तपासावा आणि टॉर्चच्या उजेडात मजबुतीच्या पत्र्याची टोके न्याहाळावीत. तिथे रंग फाटून गंजाची बारीक तांबूस रेघ दिसली, तर ती तड्याची असू शकते, आणि अशी गाडी माल उतरवूनच पुन्हा घोड्यांवर घ्यावी.