पाइप चांगला, पपडी वाईट

बी.एस्सी. फिजिक्सनंतर मी भंगाराच्या कामात शिरले, ते घरी कोणालाच पटलं नव्हतं. कुर्ल्यात वाढल्यामुळे भंगार मला परकं नव्हतं. पण अणुभट्टीशी काडीचा संबंध नसलेलं लोखंडही किरणोत्सारी असू शकतं, हे मात्र पदवी हातात असूनही मला ठाऊक नव्हतं.

तेलविहिरीतून तेलाबरोबर खारं पाणी वर येतं. खडकातल्या युरेनियम-थोरियमपासून तयार झालेलं किरणोत्सारी रेडियम त्या पाण्यात विरघळलेलं असतं. वर येताना दाब आणि तापमान उतरलं की नळ्यांच्या आत (ह्याच नळ्या जुन्या झाल्या की भंगारात येतात) बेरियम सल्फेटची पपडी धरते, गिझरच्या कॉइलवर क्षार धरतो तशी, आणि रेडियम त्या पपडीत अडकतं. रेडियम-226चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, 1600 वर्षं आहे, त्यामुळे माल यार्डात पाच-दहा वर्षं पडून राहिला तरी काही फरक पडत नाही. फॉस्फेट खतांच्या कारखान्यांतल्या जुन्या पाइपांतही अशी पपडी सापडते.

माझी पहिली मोठी शिकवण एका यार्डाच्या फाटकावर झाली. तिथल्या किरणोत्सार टिपणाऱ्या मॉनिटरचा अलार्म वाजला आणि मॅनेजरने ट्रक सरळ परत पाठवला. तो कुठे गेला, हे कोणालाच कळलं नाही. अजूनही ते मनातून जात नाही. मॉनिटर नसलेल्या दुसऱ्या यार्डात कोणीतरी त्या नळ्या गॅस कटरने कापल्या असतील, तर ती धूळ त्याच्या फुप्फुसात गेली असणार. रेडियममधून निघणारे अल्फा कण कातडीही भेदू शकत नाहीत. पण धूळ श्वासातून आत गेली की मात्र तेच सगळ्यात घातक ठरतात. म्हणून अलार्म वाजला की ट्रक बाजूला लावायचा, माणसं लांब करायची, नळ्यांची तोंडं प्लास्टिकने बांधायची आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायचं. मंडळाचं कार्यालय आपल्या अणुशक्तीनगरातच आहे.

किरणोत्सार मोजायचं मीटर हातात घेतलात की आधी तुलनेसाठी मोकळ्या जागेतलं रीडिंग घ्या. पावसाळ्यात हे विशेष सांभाळा: जोराची सर आली की हवेतली रेडॉनची अपत्यं (रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या ऱ्हासातून बनलेले कण) पाण्याबरोबर खाली येतात आणि काही वेळ रीडिंग उगाच चढतं. गॅसवाहिन्यांचा माल तर नवख्याला हमखास चकवतो. त्यांच्या आत शिसं-210चा, म्हणजे किरणोत्सारी शिशाचा, पातळ थर असतो आणि त्याचा दुबळा गॅमा किरण पोलादातून बाहेर येत नाही. बाहेरून मीटर गप्प राहतं. प्रोब, म्हणजे मीटरचं मोजणारं टोक, आतल्या पृष्ठभागाजवळ नेल्याशिवाय ‘साफ’ लिहू नका.

साफसफाई ओलीच करायची. जोरदार दाबाच्या पाण्याने पपडी उडवायची, पाणी आणि गाळ अडवून गोळा करायचा, पिंपांत सीलबंद करून नोंद ठेवायची. कोरडं घासणं नको, मास्कशिवाय नको, आणि तिथे बसून चहा तर अजिबात नको. नळी आतून पुन्हा तपासून मगच भट्टीकडे पाठवायची. न धुता वितळवली तर रेडियम बहुतांशी मळीत (वितळलेल्या पोलादावर तरंगणाऱ्या कचऱ्यात) उतरतं, शिसं आणि पोलोनियम भट्टीच्या धुरात जातं; पोलाद बऱ्यापैकी स्वच्छ निघतं, पण मळी उचलणारा आणि फिल्टर झाडणारा माणूस फुकट मरतो.

शिक्षणाचं विचाराल, तर फिजिक्सची पदवी पाया म्हणून पुरते. भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका आहे, तिची प्रवेशाची अट आधी वाचा. पण त्यासोबत एखादा महिना यार्डात उभे राहा. कुठली नळी कशाची, हे मला दारूखान्यातल्या एका मुकादममामांनी शिकवलं. “ताई, तोंडाशी पांढुरकं दिसतंय, तेलाचा माल आहे,” असं ते लांबूनच सांगायचे. त्यांच्या नजरेला मीटरची जोड मिळाली, तेव्हा कुठे मला काम जमायला लागलं. पूर्वी ते अशा नळ्या हातोडीने ठोकून पपडी झाडत. आता तोंडं बांधून ठेवतात आणि मला फोन करतात.