वायर ओढण्याआधी: कंट्रोल पॅनेलची पूर्वतयारी

कंट्रोल पॅनेल म्हणजे मशीनला वीज देणारं आणि चालवणारं वायरिंगचं कपाट. ते जाणार कुठे, हे कळल्याशिवाय वायरची ऑर्डर देऊ नका. गोव्यात वेर्णा, कुंडई किंवा तुयेतल्या शेडमध्ये बांधलेलं पॅनेल कधी शेजारच्याच औषध कारखान्यात बसतं, तर कधी पॅकिंग मशीनला जोडून थेट परदेशी रवाना होतं. दोन्हींची वायर दिसायला सारखी असली तरी नियम वेगळे. ग्राहकाने ऑर्डरमध्ये 'इंटरनॅशनल सर्टिफाइड वायर' एवढंच लिहिलं असेल तर आधी त्याला फोन लावा आणि दोनच प्रश्न विचारा: देश कोणता, आणि मशीन कोणत्या स्टँडर्डखाली तपासलं जाणार? उत्तर मेलवर लेखी घ्या. सगळ्या जगात चालेल असा एकच शिक्का अस्तित्वात नाही, आणि हे ग्राहकाच्या खरेदी खात्याला बहुधा माहीत नसतं.

देशातच राहणाऱ्या पॅनेलला आयएस ६९४ या भारतीय स्टँडर्डची, आयएसआय मार्क असलेली लवचीक तांब्याची वायर पुरते. त्यात आग पसरू न देणारी एफआर घ्यायची की कमी धूर सोडणारी एफआरएलएस, हे ग्राहकाच्या सेफ्टीवाल्याला विचारून ठरवा. युरोपला जाणाऱ्या मशीनची तपासणी आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे होते, पॅनेलची आयईसी ६१४३९ प्रमाणे. तिथे वायर लागते एच०५व्ही-के (अर्धा ते एक स्क्वेअर, म्हणजे चौरस मिलिमीटर, ३००/५०० व्होल्ट) आणि एच०७व्ही-के (दीड स्क्वेअरपासून पुढे, ४५०/७५० व्होल्ट), अंगावर 'एचएआर' ही युरोपातली वायरची खूण छापलेली. अमेरिकेला पॅनेलसाठी यूएल ५०८ए (यूएल ही तिथली सुरक्षा तपासणारी संस्था), मशीनसाठी एनएफपीए ७९ हे स्टँडर्ड. तिथे एमटीडब्ल्यू (मशीन टूल वायर) किंवा यूएल स्टाइल १०१५ची, ६०० व्होल्टची वायर चालते. कॅनडाला सीएसए या तिथल्या संस्थेची खूण असलेली टीईडब्ल्यू वायर. यात एक सापळा आहे. स्टाइल १००७ची वायर बारीक, लवचीक आणि स्वस्त असते, तिच्यावरही यूएलची खूण असते, पण ती ३०० व्होल्टची. ४१५ किंवा ४८० व्होल्टच्या पॅनेलात तिचं काम नाही.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला सुरुवातीलाच सांगून टाका. वायरवर यूएल छापलं म्हणून पॅनेल यूएलचं होत नाही. पॅनेलवर ते लेबल लावण्याचा अधिकार यूएलने मान्य केलेल्या आणि वेळोवेळी तपासलेल्या पॅनेल शॉपलाच असतो. तुमच्याकडे तो नसेल तर माल पोहोचल्यावर तिथे जागेवर तपासणी करून घ्यावी लागते, आणि तो खर्च कोणाचा यावरून भांडण होतं. युरोपची 'सीई' खूण ही तर उत्पादकाने स्वतः केलेली घोषणा आहे. 'एचएआर'मागे मात्र त्रयस्थ संस्थेची तपासणी असते. म्हणून युरोपच्या कामाला नुसत्या सीईवर समाधान मानू नका.

आता रंग. इथे थोडं थांबा, कारण आपल्या वायरमनचा हात इथेच सवयीने चुकतो. गोव्यात काय किंवा पुण्यात काय, लाल-पिवळा-निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ (अर्थिंग) हे डोळे मिटून ठरलेलं. आयईसी ६०२०४-१ मध्ये मात्र पॉवरच्या तारा काळ्या, एसी कंट्रोल लाल, डीसी कंट्रोल निळा, न्यूट्रल फिकट निळा, अर्थ हिरवा-पिवळा पट्टेवाला. म्हणजे आपला निळा फेज जर्मनीतल्या फिटरला न्यूट्रल वाटणार आणि आपला काळा न्यूट्रल त्याला फेज वाटणार. या गैरसमजात माणूस मरू शकतो. अमेरिकेत पुन्हा वेगळं: पॉवर काळी, एसी कंट्रोल लाल, डीसी निळा हे जुळतं, पण न्यूट्रल पांढरा किंवा राखाडी, आणि डीसीच्या अर्थिंगला जोडलेल्या कॉमन तारेला पांढऱ्यावर निळी रेघ. युरोपच्या कामात न्यूट्रलसाठी फिकट आणि डीसीसाठी गडद असे दोन निळे वेगवेगळे मागवा. दुकानदार 'निळा म्हणजे निळाच' म्हणून एकच पाठवतो.

नारिंगी रंग जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. मेन स्विच बंद केल्यावरही ज्या तारांत करंट राहतो त्या नारिंगी हव्यात. पॅनेलमधला दिवा, सर्व्हिस सॉकेट, दुसऱ्या मशीनकडून येणारे इंटरलॉक हे सगळं त्यात येतं. ड्रॉइंग समोर घेऊन अशा तारा मोजा आणि तेवढी नारिंगी वायर ऑर्डरमध्ये घाला. मग रंगांचा एक तक्ता करा, ग्राहकाची त्यावर सही घ्या, लॅमिनेट करून वायरमनच्या टेबलासमोर चिकटवा. निर्यातीच्या आणि स्थानिक कामाच्या वायरी एकाच रॅकवर ठेवू नका.

जाडी ठरवताना कॅटलॉगमधला अँपियरचा आकडा तसाच उचलू नका. ७० अंशांच्या पीव्हीसी वायरचा तो आकडा साधारण ३० अंश हवेसाठी असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, आत ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) चालू असलेल्या बंद पॅनेलमध्ये ५० अंश सहज होतात. त्या तापमानाला गुणक ०.७१. तारा नेणाऱ्या एकाच चॅनलमध्ये पूर्ण लोडची सहा सर्किटं कोंबली तर आणखी ०.५७. दीड स्क्वेअरची, तीन फेजच्या लोडला १५.५ अँपियरची समजली जाणारी वायर अशी उतरत उतरत सव्वासहा अँपियरवर येते. ९० अंशांची वायर घेतली तर त्याच परिस्थितीत नऊ अँपियरच्या थोडी वर जाते. पण मग टर्मिनल आणि कॉन्टॅक्टरही (मोटर चालू-बंद करणारे स्विच) तेवढं तापमान सोसणारे हवेत, नाहीतर वायर शाबूत राहून टर्मिनल करपतं. घाबरून सगळं पॅनेल अडीच स्क्वेअरमध्ये करायचीही गरज नाही. ज्या तारांत क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी करंट वाहतो त्या या गर्दीत मोजायच्या नसतात, आणि कंट्रोलच्या बहुतेक तारा तशाच असतात.

अमेरिकेच्या कामात मापं एडब्ल्यूजी या तिथल्या नंबरांत येतात. १४ नंबर म्हणजे २.०८ स्क्वेअर, तिथे आपली अडीच चालून जाते. १६ नंबर १.३१, तिथे दीड. पण १८ नंबर म्हणजे ०.८२, आणि आपण हमखास पाऊण स्क्वेअर उचलतो, जी बारीक पडते. तिथे एक स्क्वेअर घ्या. दोन-तीन देशांना एकच पॅनेल द्यायचं असेल तर यूएल, सीएसए आणि एचएआर तिन्ही खुणा असलेली वायर मिळते. महाग आहे, पण दोन साठे सांभाळण्यापेक्षा परवडते. तिचं इन्सुलेशन जाड असतं, म्हणून चॅनल एक माप मोठा घ्या आणि निदान पाव भाग मोकळा सोडा.

खरेदी हा उशीर होण्याचा खरा टप्पा. पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या दुकानात घरगुती वायरची नव्वद मीटरची बंडलं हवी तेवढी मिळतात, पण नारिंगी एच०७व्ही-के शेल्फवर असेल या भरवशावर राहू नका. ती पुण्या-मुंबईहून किंवा बेळगावहून मागवावी लागते, पावसात घाटात गाड्या खोळंबतात, आणि चवथीच्या आठवड्यात तर पाठवणारा, आणणारा आणि लावणारा तिघेही सुट्टीवर. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला गेलेला वायरमन फोन उचलणार नाही, आणि त्याने उचलूही नये. डिलिव्हरी ऑगस्ट-सप्टेंबरात असेल तर माल जुलैतच शेडमध्ये हवा.

रीळ आलं की उघडण्याआधी वाचा. वायरच्या अंगावर थोड्या थोड्या अंतरावर कंपनीचं नाव, प्रकार, माप, व्होल्टेज आणि खूण छापलेली हवी. आयएसआयचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा, यूएलचा फाइल क्रमांक 'प्रॉडक्ट आयक्यू' या त्यांच्या साइटवर. 'यूएल टाइप', 'यूएलसारखी', 'एक्सपोर्ट क्वालिटी' असलं काही छापलेलं किंवा दुकानदाराने सांगितलेलं असेल तर ते रीळ परत. सुटे तुकडे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, कारण सर्टिफिकेटचा धागा रीळाच्या लेबलापाशी तुटतो. लेबलाचा फोटो काढा, कामाच्या नंबरसह जपून ठेवा.

रीळ जमिनीवर नको, लाकडी पॅलेटवर ठेवा आणि कापलेल्या टोकांना टेप किंवा हीट श्रिंक लावा. पावसाळ्यात उघड्या टोकातून ओल तारांच्या आत शिरते आणि वर्षाने सोललं की तांबं काळं निघतं. वास्को किंवा किनाऱ्याजवळ बसणाऱ्या पॅनेलला कथिलाचा मुलामा असलेली वायर आणि लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायचं धातूचं टोपण) घ्यायला ग्राहकाला राजी करा. तिथे पॅनेलमध्ये थर्मोस्टॅटसह स्पेस हीटर हवाच, केबल खालून घ्यायची, आणि केबल आत घेणाऱ्या प्रत्येक न वापरलेल्या ग्लँडला बूच. पाल एका बोटाच्या फटीतून आत जाते आणि दोन बसबारच्या (वीज वाहणाऱ्या पट्ट्यांच्या) मध्ये जाऊन बसते.

हत्यारांची पाहणी पहिल्या दिवशीच. चांगला स्ट्रिपर, मापाला जुळणारं क्रिम्पिंग टूल, टॉर्क स्क्रूड्रायव्हर आणि तारांवर घालायचे नंबर (फेरूल) छापायचा प्रिंटर. पकडीने दाबलेला पिन लग चालणार नाही. लगच्या रंगांच्या एकाहून जास्त पद्धती बाजारात आहेत. डीआयएन या जर्मन स्टँडर्डच्या पद्धतीत अर्ध्याला पांढरा, पाऊणला राखाडी, एकला लाल, दीडला काळा, अडीचला निळा. एकच पद्धत ठरवा. स्क्रूखाली जाणारं टोक सोल्डर करू नका: सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि जोड ढिला होतो. क्रिम्प झालेली प्रत्येक तार एकदा हाताने ओढून बघा. टॉर्कचा आकडा टर्मिनल बनवणाऱ्याच्या कागदावर असतो. आवळून झालं की मार्करची रेघ मारा.

वायर ओढायला घेताना पॉवर एका चॅनलमध्ये, कंट्रोल दुसऱ्यात, ॲनालॉग आणि कम्युनिकेशन तिसऱ्यात. ड्राइव्हची मोटर केबल शील्डवाली (बाहेरून धातूची जाळी असलेली), आणि तिचं शील्ड चहूबाजूंनी क्लँपमध्ये धरलेलं. शेपटीसारखी पिळून अर्थला जोडलेली जाळी ड्राइव्हच्या वेगवान स्विचिंगपुढे फारशी कामाची नसते. दाराला वेगळी अर्थ पट्टी. बिजागरीवर भरवसा नको.

पॉवर देण्याआधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारा मीटर, लावा. त्याआधी पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), ड्राइव्ह आणि सर्ज अरेस्टर सोडवून ठेवा, नाहीतर तपासणीनेच माल जाईल. पॉवर आणि अर्थमध्ये ५०० व्होल्ट डीसीवर एक मेगओहमपेक्षा कमी दिसता कामा नये. भर पावसाळ्यात आकडा उगाच खाली येतो, म्हणून रात्रभर स्पेस हीटर चालू ठेवून सकाळी पुन्हा मोजा. तरीही कमीच आला तर मग खरंच कुठेतरी इन्सुलेशन कापलं गेलंय. आधी चॅनलच्या कडा आणि दाराजवळचं वळण बघा. अर्थची सलगता दहा अँपियर करंट देऊन तपासा, ०.१ ओहमच्या आत हवी. मल्टिमीटरची पिपाणी वाजली एवढ्याने भागत नाही.

पॅनेलच्या दारातल्या खिशात जसं बांधलं तसं ड्रॉइंग, रंगांचा सही केलेला तक्ता, मेगरचे आकडे, टॉर्कची नोंद आणि रीळांच्या लेबलांच्या प्रती ठेवा, आणि त्याच सगळ्याचा एक संच आपल्या कपाटातही. परदेशी जाणाऱ्या कामात, वापरलेल्या प्रत्येक रंगाची काही मीटर वायर त्याच रीळातून कापून खोक्यात घाला, नाहीतर तिथे एक तार बदलायची वेळ आली की फिटर हाताला लागेल ती टाकेल आणि तपासनीस नाव तुमचं लिहील.