अलप्पुळाहून कोट्टायमला प्रवासी बोटीने

केरळचे बॅकवॉटर पाहायचे म्हणजे हाउसबोट घ्यायची, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. माझा आग्रह मात्र असा आहे की निदान एक प्रवास तरी राज्य जलवाहतूक विभागाच्या प्रवासी बोटीने करावा. कारण या पाण्याकाठची माणसे रोज ज्या वाटेने शाळेत, बाजारात आणि कामावर जातात, ती वाट त्यांच्याच शेजारी बसून, अगदी थोड्या पैशांत पाहता येते.

त्यासाठी अलप्पुळा ते कोट्टायम हा सुमारे अडीच तासांचा मार्ग निवडावा. मुंबईहून कोकण रेल्वेने जाणारी नेत्रावती एक्सप्रेस अलप्पुळाला थांबते आणि बोटीचा धक्का तेथील एसटी स्थानकाजवळच आहे. फेऱ्या मोजक्या असल्याने आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन वेळ विचारून ठेवावी. बोट थेट कोट्टायमपर्यंत जाते की अलीकडेच थांबते, हेही त्याच वेळी विचारावे. तिकीट बोटीतच कंडक्टर देतो.

वेंबनाड तलावाचा रुंद पट्टा मागे पडून बोट कुट्टनाडच्या कालव्यांत शिरली की दोन्ही काठांकडे नीट लक्ष द्यावे. येथील भातशेती समुद्रसपाटीपेक्षा खाली आहे, त्यामुळे बोट वरून चालते आणि बांधापलीकडची खाचरे खाली दिसतात. गोव्यातील खाजण शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना खारे पाणी अडवून पीक घेण्याची ही धडपड लगेच ओळखू येईल. येथे ते काम तण्णीरमुक्कम येथील बंधारा करतो. साधारणपणे डिसेंबरात त्याची दारे लावली जातात आणि उन्हाळ्यात उघडली जातात. दारे बंद असताना दक्षिणेकडे खारे पाणी येत नाही, पाणी साचून राहते आणि जलपर्णी फोफावते. अरुंद कालव्यांत ती दाटली की बोटींची वाट अडते.

केरळात जूनचा पाऊस तर असतोच, शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरातही परतीचा जोरदार पाऊस पडतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. सामान थोडेच न्यावे, कारण दारापाशी ठेवलेली मोठी बॅग गावागावांतून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या वाटेत येते. मुलांना कठड्यावर बसू देऊ नये, आणि बोट धक्क्याला पुरती बांधली जाईपर्यंत उतरण्याची घाई करू नये. परतीची बोट चुकली, तर कोट्टायमहून अलप्पुळाला बसने येता येते.