सेटिंग लावली, पण क्रोम ढिम्म!

डेस्कटॉप सपोर्टला लागून मला दोनच महिने झाले होते. एका कॉलेजच्या लॅबचं काम आमच्याकडे होतं आणि मागणी साधी होती: क्रोम उघडलं की कॉलेजचं पोर्टल दिसलं पाहिजे. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या मशीनना सर्व्हरवरून एकदम सेटिंग लावायच्या विंडोजच्या सोयीत, होमपेजचा पत्ता भरला आणि घरी गेलो. सकाळी लॅब असिस्टंट काकांचा फोन. "अहो, एकाही मशीनवर येत नाहीये. काल नक्की काय केलंत?"

चूक माझीच होती. क्रोममध्ये होमपेज म्हणजे घराच्या बटणावर क्लिक केल्यावर उघडतं ते पान. ब्राउझर सुरू होताना काय उघडायचं याची पॉलिसी वेगळी, 'रिस्टोअर ऑन स्टार्टअप'. तिची किंमत (व्हॅल्यू) ४ ठेवायची आणि पत्त्यांची यादी आणखी तिसऱ्याच पॉलिसीत द्यायची. सेटिंग ऐकत नाही अशा निम्म्या तक्रारी खरं तर सेटिंगचा अर्थ न कळल्याच्या असतात, असं माझं मत आहे.

दुरुस्ती केली, तरी सहा मशीन ऐकेनात. मग नवशिका करतो ते सगळं केलं. 'जीपीअपडेट /फोर्स' (पॉलिसी लगेच पुन्हा लावायची कमांड), रिस्टार्ट, क्रोम काढून पुन्हा टाकणं. हे शेवटचं तर निव्वळ वेळ घालवणं, कारण विंडोजवर पॉलिसी क्रोमच्या फोल्डरमध्ये नसतेच, ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात असते. शेवटी जिथे पोर्टल नीट उघडत होतं अशा मशीनवरून क्रोमच्या पॉलिसींची 'की' (रजिस्ट्रीतला कप्पा) एक्स्पोर्ट केली आणि पेनड्राइव्हने सहाही मशीनवर टाकली. ही 'की' अक्षर न अक्षर तीच. आणि गंमत म्हणजे तिच्यातली बुकमार्क बारची पॉलिसी लगेच लागू झाली, पोर्टल मात्र नाहीच.

सिनियर आला. सर्व्हरकडे त्याने बघितलंही नाही. सहापैकी एका मशीनवर बसला आणि ॲड्रेस बारमध्ये 'क्रोम://पॉलिसी' टाइप केलं. प्रत्येक पॉलिसीची एक ओळ: नाव, किंमत, ती कुठून आली, मशीनसाठी की युजरसाठी, सक्तीची की फक्त सुचवलेली, आणि शेवटी स्टेटस. बुकमार्क बारसमोर 'ओके'. स्टार्टअपच्या ओळीसमोर एरर. उघडून पाहिलं तर सरळ लिहिलं होतं की ही पॉलिसी ब्लॉक केलेली आहे, दिलेली किंमत दुर्लक्षित केली जाईल. "हे मशीन डोमेनमध्ये आहे का?" म्हणजे कॉलेजच्या सर्व्हरच्या ताब्यातल्या मशीनच्या गटात आहे का, असं त्याने विचारलं. नव्हतं. सहाही मशीन फॉरमॅट होऊन आली होती आणि डोमेनला जोडायची राहून गेली होती.

फुकटात मिळणारी भुरटी सॉफ्टवेअर गुपचूप होमपेज आणि सर्च इंजिन बदलायची, आणि त्यासाठी हीच रजिस्ट्री वापरायची. म्हणून विंडोजवर अशा मोजक्या पॉलिसी क्रोम तेव्हाच मानतं, जेव्हा मशीन डोमेनला जोडलेलं असतं किंवा दुसऱ्या अधिकृत मार्गाने संस्थेच्या ताब्यात असतं. माझा पेनड्राइव्हचा उद्योग क्रोमच्या नजरेत त्या भुरट्यांसारखाच होता!

तेव्हापासून आधी 'क्रोम://पॉलिसी'चं पान उघडतो. ओळच नसेल तर पॉलिसी मशीनपर्यंत पोचलेली नाही. मग कुठल्या पॉलिसी लागल्या ते सांगणारा 'जीपीरिझल्ट'चा रिपोर्ट काढायचा, मशीन चुकीच्या ओयूमध्ये (डोमेनमधल्या उपगटात) तर नाही ना ते बघायचं. थोडा धीरही धरायचा, कारण आपोआप होणारा रिफ्रेश दर ९० मिनिटांनी असतो आणि त्यात आणखी ३० मिनिटांपर्यंत भर पडू शकते. ओळ आहे पण 'रेकमेंडेड' लिहिलंय? मग युजर ती बदलू शकतो, आणि बदलतोच. एकच पॉलिसी दोन ठिकाणांहून दोन किंमती घेऊन आली असेल तर सहसा मशीनवाली युजरवालीला हरवते.

फायरफॉक्सचं असंच पान 'अबाउट:पॉलिसीज'. तिथे पॉलिसी लिहायच्या जेसन फाइलमध्ये (ठराविक पद्धतीने लिहिलेल्या मजकूर फाइलमध्ये) शेवटी एक स्वल्पविराम जास्त पडला तरी अख्खी फाइल बाद होते. माझे त्यात दोन तास गेले आहेत, तुमचे जाऊ नयेत.

त्या सहा मशीनवरची हाताने टाकलेली 'की' आधी उडवली, मग त्यांना डोमेनला जोडलं. काकांनी एकेक मशीन स्वतः चालू करून बघितलं आणि मगच सही दिली.

आणखी एक. क्रोमच्या त्या पानावर सगळं जेसनमध्ये एक्स्पोर्ट करायचं बटण आहे. तिकीट वर पाठवताना ती फाइल जोडा, म्हणजे सिनियरचे पहिले तीन प्रश्न वाचतात.