जुन्या घराचे फ्लॅट करताय? हीटिंग आणि गरम पाण्याच्या या चुका टाळा

एका मोठ्या जुन्या घराचे तीन-चार फ्लॅट केले की टाइल्स, किचन, रंग यावर महिनोन् महिने चर्चा होते आणि हीटिंगचा विषय निघतो अगदी शेवटी, तोही "कुठला बॉयलर (खोल्या नि पाणी दोन्ही गरम करणारं मशीन) चांगला?" इथूनच. खरं तर बॉयलर सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी पाणी किती येतं, विजेचा लोड किती मिळतो आणि धूर नि पाणी बाहेर कुठून काढायचं हे बघा, कारण पूर्वी एका कुटुंबासाठी आलेली लाईन आता चार घरांना पुरवायची असते.

पहिली चूक म्हणजे पाणी न मोजणं. प्रेशर गेजवर काटा छान दिसतो पण तो नळ बंद असतानाचा असतो, नळ उघडल्यावर काय होतं ते महत्त्वाचं. दहा लिटरची बादली घ्या, सकाळी बाकीच्या फ्लॅटमध्ये आंघोळी चालू असताना भरा आणि घड्याळ बघा. मिनिटभरात भरली तर १० लिटरचा फ्लो, दोन मिनिटं लागली तर ५ लिटर, आणि मग कितीही महागडा इन्स्टंट बॉयलर लावा, शॉवरची धार वाढणार नाही.

आता किलोवॅटचं गणित, इथेच बहुतेक जण फसतात. १० अंशाचं पाणी ४० अंशावर न्यायचं आणि मिनिटाला १० लिटर हवं, तर साधारण २१ किलोवॅट लागतात. ९ किलोवॅटचा इलेक्ट्रिक हीटर तेवढ्याच तापमानाला जेमतेम सव्वाचार लिटर देतो, आणि त्यासाठीही २३० व्होल्टवर ३९ अँपिअर ओढतो. म्हणून "उन्हाळ्यात मस्त चालायचा, थंडीत कोमट पाणी येतं" ही तक्रार आली की लगेच मशीनला दोष देऊ नका, येणारं पाणीच गार झालेलं असतं. धार थोडी कमी करून बघा. पाणी गरम झालं तर हीटर ठीक आहे, फक्त ताकद कमी पडतेय.

याच्या उलटी चूक पण होते. शॉवरसाठी ३० किलोवॅटचा बॉयलर घेतात, पण मधल्या मजल्यावरच्या छोट्या फ्लॅटला खोल्या गरम ठेवायला कधीकधी ३-४ किलोवॅट पुरतात. बॉयलर तितका खाली येऊच शकत नसेल तर सारखा चालू-बंद, चालू-बंद होत राहतो, गॅस जास्त जातो, पार्ट्स लवकर झिजतात. त्यामुळे विकत घेताना जास्तीत जास्तबरोबर कमीत कमी किलोवॅट पण विचारा, हा आकडा दुकानदार आपणहून सांगत नाही. आणि वरच्या मजल्याचा हिशोब वेगळा करा हं, छताला इन्सुलेशन नसेल तर तिथे खूप जास्त उष्णता लागते.

टाकी बसवायची असेल तर वजन बघा. १५० लिटर म्हणजे पाण्याचंच १५० किलो, आणि जुनी लाकडी फ्लोअरिंग असेल तर खाली तुळई कुठे आहे ते तपासल्याशिवाय ठेवू नका. ३ किलोवॅटच्या कॉइलवर ती ४० अंशांनी तापायला सव्वादोन तासांच्या वर लागतात, म्हणजे टायमर आंघोळीच्या बराच आधी लागला पाहिजे. वीज वाचवायला टाकीचं तापमान ४०-४५ वर ठेवतात ते मात्र अजिबात करू नका, लिजिओनेला (फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे जंतू) कोमट पाण्यात वाढतात. टाकीत ६० अंश ठेवा आणि भाजू नये म्हणून शॉवरला मिक्सिंग व्हॉल्व (गरम पाण्यात गार पाणी मिसळणारा) लावा.

हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं मशीन) उत्तम, एका युनिट विजेत तीन युनिटच्या आसपास उष्णता मिळू शकते, पण बाहेरचं युनिट लावायला सामाईक भिंत लागते, सो परवानगी आधी लेखी घ्या. धुराच्या पाईपचं पण तेच, तो शेजाऱ्याच्या खिडकीखाली निघाला तर नंतर सगळं उखडावं लागतं. जुनी सामाईक चिमणी "आहेच ना" म्हणून वापरायची नाही, त्यातून घरात येऊ शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला वास नसतो, तपासणी करून घ्या आणि अलार्म लावाच.

आणि प्रत्येक फ्लॅटला स्वतःचा मीटर नि स्वतःचा मेन कॉक, तोही त्याच फ्लॅटच्या आत हाताशी येईल असा. नाहीतर वरच्यांचा पाईप गळला की खालच्यांचं पण पाणी बंद.